सिएटलच्या परसात गोड चेरी: जाळीत मावेल एवढंच झाड

सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडपासून खाली पोर्टलंडपर्यंतच्या पट्ट्यात चेरीचं झाड लावणं सोपं आहे, आणि ते वाढतंही भराभर. अडतं ते फळापाशी. पाच-सहा वर्षांत झाड छपराच्या पन्हळीला टेकतं. वरची फळं कावळे आणि रॉबिन पक्षी खातात, खालच्या फळांत अळ्या निघतात, उरलेली जूनच्या पावसात तडकतात. मग वैतागून कोणीतरी फेब्रुवारीच्या ओल्या थंडीत करवत घेऊन झाड निम्म्यावर आणतं, आणि त्या वर्षीच खोडातून डिंक वाहायला लागतो.

या प्रत्येक दुखण्याला उपाय आहे, पण तो वीस फुटांवर करता येत नाही. जाळी घालणं, पावसाचं छत लावणं, फवारणी, तोडणी, छाटणी ही सगळी कामं जमिनीवर किंवा फार तर तीन पायऱ्यांच्या शिडीवर उभं राहून जमली पाहिजेत. म्हणून खाली लिहिलेली प्रत्येक पायरी आठ-नऊ फुटांचं झाड गृहीत धरून आहे. तुमचं झाड आधीच मोठं झालं असेल, तर सातव्या टप्प्यापासून वाचायला सुरुवात करा.

हा लेख कॅस्केड डोंगरांच्या पश्चिमेकडच्या ओल्या बाजूसाठी आहे. डोंगरांच्या पूर्वेला, याकिमा, वेनाची या चेरीच्या मोठ्या बागांच्या भागात हवा कोरडी असते. तिथले व्हिडिओ बघून इथे छाटणीची वेळ ठरवू नका. पुष्कळ झाडं त्यामुळेच जातात. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या वाचकांना कामांचा क्रम हाच लागू पडेल, मात्र महिने तिथल्या थंडीप्रमाणे पुढे-मागे करावे लागतील.

## आधी एक चाळणी: तुमच्याकडे चेरी येते का?

गोड चेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात साधारण ७०० ते १२०० तास ७ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड जगतं, पण मोहोर धड येत नाही. सिएटल-पोर्टलंडमध्ये ही अडचण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात राहत असाल, तर कमी थंडीवर भागणारी मिनी रॉयल आणि रॉयल ली ही जोडीच लावायची, दोन्ही मिळून. एकीला दुसरीचे पराग लागतात.

"आईकडे पुण्याला एक लावता येईल का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. पुणे, नाशिक, अगदी महाबळेश्वरलाही रात्री गारठा पडतो, पण दिवसा ऊन चढलं की रात्रीची कमाई बरीचशी पुसली जाते. भारतात चेरी काश्मीरची, किंवा हिमाचलात कोटगढ-नारकंडा भागातली. महाराष्ट्रातल्या नर्सरीत "चेरी" म्हणून मिळणारं रोप बहुधा बार्बाडोस चेरीचं किंवा सुरिनाम चेरीचं असतं. दोन्ही चांगली झाडं आहेत, पण त्यांचा या चेरीशी संबंध नाही. (केकवरची लालभडक चेरी तर आपलं पाकवलेलं करवंदच!)

> सावध: बाजारातल्या चेरीची बी रुजवू नका. बियांचं झाड आईसारखं फळ देत नाही, खूप उंच जातं आणि फळाला सात-आठ वर्षं सहज घेतं. चेरी कलमाचीच लावायची.

## टप्पा १: जागा, तीही भर पावसाळ्यात बघायची

जागा उन्हाळ्यात ठरवली की फसगत होते. जुलैत परसाचा कोपरा न् कोपरा कोरडा आणि उन्हात दिसतो. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत, कारण चेरीची मुळं साचलेल्या पाण्यात कुजतात.

१. पाण्याची चाचणी. फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा खणा. काठोकाठ पाणी भरा, ते जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि दुसऱ्या खेपेला मोजा. पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल, तर तिथे सपाट जमिनीत चेरी लावायची नाही. नव्या वसाहतींमध्ये हे फार दिसतं. बांधकामाच्या वेळी वरची माती खरवडून नेलेली असते, खाली हिमनदीने दाबून बसवलेला गोट्या-मातीचा कडक थर असतो आणि त्यावर चार इंच विकतची माती पसरून हिरवळ अंथरलेली असते. कुदळ ठणकन वाजली, की समजायचं.

२. जागा वाईट निघाली तर उंचवटा. बारा ते अठरा इंच उंच आणि चार-पाच फूट रुंद असा मातीचा ढीग करायचा, त्यावर झाड. बाजूंना लाकडी फळ्या लावल्या तर उत्तम, नाही लावल्या तरी चालतं.

३. ऊन. उन्हाळ्यात निदान सहा ते आठ तास थेट ऊन हवं. शेजाऱ्याच्या डग्लस फरची सावली सकाळी नऊला कुठे असते, ते बघा. सकाळचं ऊन जास्त मोलाचं, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं आणि बुरशीला वाव मिळत नाही.

४. अंतर. घराच्या भिंतीपासून निदान दहा फूट. सेप्टिक टाकीचं शोषक्षेत्र असेल, तर तिथे झाड नाही. हिरवळीच्या मधोमधही नको. स्प्रिंकलरचं पाणी रोज पानांवर उडतं आणि गवत कापायचं यंत्र कधी ना कधी खोडाला लागतंच.

> तपासा: खणण्याआधी ८११ ला फोन किंवा ऑनलाइन विनंती, निदान दोन कामाचे दिवस आधी. ही सेवा मोफत आहे. ते येऊन गॅस, वीज, केबलच्या लाइनी रंगाने आखून देतात. एचओए (वसाहतीची घरमालक संघटना) असेल तर झाडाच्या उंचीचा नियमही आत्ताच वाचून घ्या.

## टप्पा २: आधी खुंट ठरवा, मग जात

लोक दुकानात जाऊन "बिंग आहे का, रेनिअर आहे का" विचारतात. पहिला प्रश्न हवा, "खुंट कोणता?" खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग, ज्यावर हवी ती जात बांधलेली असते. जात फळ ठरवते, पण झाडाची उंची खुंट ठरवतो.

- मॅझार्ड: रानटी चेरीचाच खुंट. झाड पंचवीस-तीस फूट जातं. घरच्या बागेत नको.
- कोल्ट, गिसेला ६, क्रिम्स्क ५: मॅझार्डपेक्षा लहान, पण मोकळं सोडलं तर पंधरा फुटांच्या वर सहज जातात. दर उन्हाळ्यात छाटणी करण्याची शिस्त असेल तरच.
- गिसेला ५: मॅझार्डच्या साधारण निम्मं झाड, छाटून आठ-नऊ फुटांत राहतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळावर येतं. मुळं उथळ असल्याने कायमचा आधाराचा खांब आणि उन्हाळ्यात नेमाने पाणी लागतं. माझं मत विचाराल, तर हाच. खांब आणि पाणी ही किंमत जाळीच्या सोयीपुढे काहीच नाही.

लेबलवर नुसतं "सेमी-ड्वार्फ" (अर्धठेंगणं) लिहिलं असेल, तर ते लिहिलंच नाही असं समजा. चेरीत त्याचा अर्थ अठरा फूटही होतो. खुंटाचं नाव सांगता येत नसेल, तर दुसरी नर्सरी बघा.

आता जात. एकच झाड लावणार असाल, तर स्वतःच्या परागांवर फळ धरणारी जात हवी: स्टेला, लॅपिन्स, स्वीटहार्ट, व्हाइट गोल्ड, ब्लॅक गोल्ड. ओल्या बाजूसाठी मी लॅपिन्सकडे झुकतो, कारण ती बिंगपेक्षा कमी तडकते आणि पावसाचा जोर ओसरल्यावर, जुलैच्या उत्तरार्धाकडे पिकते. स्वीटहार्ट आणखी उशिरा येते. पावसातून ती सुटते, पण तोवर माश्यांची संख्या फार वाढलेली असते.

रेनिअरचा मोह सगळ्यांनाच असतो. तिला दुसऱ्या जातीचे पराग लागतात, शेजारी स्टेला किंवा लॅपिन्स असेल तर काम होतं. बिंग, लॅम्बर्ट आणि रॉयल ॲन या तिघी मात्र एकमेकींना चालत नाहीत. त्या एकाच परागगटातल्या आहेत, म्हणून तिन्ही लावल्या तरी चौथीशिवाय फळ नाही. रस्त्याकडेची क्वानझान, म्हणजे गुलाबी झुपक्यांची शोभेची चेरी, परागांसाठी धरू नका. आंबट चेरी मॉन्टमोरेन्सीसुद्धा गोड चेरीच्या मागून फुलते, तिचाही भरवसा नाही.

एकाच झाडावर चार जातींची कलमं असलेलं रोप दुकानात फार आकर्षक दिसतं. त्यातली एक जात दोन-तीन वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकते. दर वर्षी तिला आवरायची तयारी असेल तर घ्या.

## टप्पा ३: रोप निवडताना

उघड्या मुळांची, म्हणजे बेअररूट रोपं जानेवारी ते मार्चमध्ये येतात. कुंडीतल्यापेक्षा ती स्वस्त असतात, आणि मुळं डोळ्यांनी बघून घेता येतात हा त्यांचा मोठा फायदा.

उंच, फांद्याळ रोपाकडे हात जातो, पण अर्धा इंच जाडीची एक वर्षाची सरळ काठी घ्या. ती लवकर रुजते, आणि पहिली फांदी कुठे हवी ते तुम्ही ठरवता. मुळं चहूबाजूंना गेलेली, ओलसर, तुटलेल्या ठिकाणी आतून फिकट हवीत. कलमाचा सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. खोडावर डिंकाचे थेंब, खोलगट काळपट डाग किंवा सुरकुतलेली साल असेल तर रोप परत ठेवा, सूट कितीही असो.

घरी आणल्यावर त्याच दिवशी लावता येत नसेल, तर मुळं ओल्या मातीत किंवा लाकडाच्या भुशात झाकून सावलीत ठेवा. गॅरेजमध्ये उघडी ठेवलेली मुळं एका दुपारीत वाळतात.

## टप्पा ४: लागवड

वेळ: फेब्रुवारी-मार्च, डोळे फुटण्याआधी, माती चिखल नसताना. मुठीत घेऊन दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारून तो फुटला नाही, तर आठवडाभर थांबा.

१. मुळं बादलीत एक-दोन तास भिजवा. रात्रभरापेक्षा जास्त नको.

२. खड्डा मुळांच्या दुप्पट रुंद, पण मुळांइतकाच खोल. खोल खड्ड्यात माती नंतर बसते आणि झाड त्याच्याबरोबर खाली जातं.

३. खड्ड्यात शेणखत, कंपोस्ट, निंबोळी पेंड काहीही घालायचं नाही. हे आपल्याकडच्या सवयीच्या अगदी उलट आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं. कडक जमिनीत मऊ खताचा खड्डा हिवाळाभर पाणी धरून ठेवतो आणि मुळं त्यातच गोल फिरत राहतात. जी माती निघाली, तीच परत भरायची.

४. आधाराचा खांब झाडाच्या आधी ठोका, म्हणजे मुळांना इजा होत नाही. या भागातले हिवाळी वादळी वारे बहुतेक नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून खांब त्या बाजूला.

५. रोप ठेवा आणि आडवी काठी खड्ड्यावर टाकून पातळी बघा. कलमाचा सांधा जमिनीच्या वर दोन ते चार इंच राहिला पाहिजे. सांधा मातीत गेला, तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात आणि ठेंगण्या खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात. काही वर्षांनी झाड अचानक उंच का सुटलं, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

६. माती भरून हातांनी दाबा, बुटाने तुडवू नका. वीस लिटर पाणी हळूहळू घाला. माती खाली बसली तर वरून भरा आणि सांधा पुन्हा बघा.

७. खांबाला सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. वायर किंवा सुतळी नको, रुंद मऊ पट्टी हवी.

८. आळं करू नका. खोडाभोवती वाटीसारखी खळगी केली की नोव्हेंबरपासून त्यात तळं साचतं. जमीन खोडापासून बाहेर किंचित उतरती हवी. त्यावर तीन-चार इंच लाकडाच्या चिपांचं आच्छादन, तीन फूट घेरात. खोडाभोवती चार-सहा इंच मोकळं. चिपा खोडाला टेकल्या की साल कुजते आणि उंदरांना आडोसा मिळतो.

९. खोडाला पांढरा लेटेक्स रंग, निम्मं पाणी घालून. आपल्याकडे रस्त्याच्या झाडांना चुना आणि गेरू लावतात त्याच जागी. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हाने साल तापून रात्रीच्या गारठ्यात फाटते, ते याने टळतं. ऑइल पेंट चालत नाही.

> तपासा: दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी. सांधा वर आहे? चिपा खोडापासून दूर आहेत? खांबाच्या पट्टीत बोट जातं?

परसात हरणं येत असतील, तर लावल्याच दिवशी पाच फुटी कुंपणजाळीचं कडं करा. "नंतर करू" म्हटलं की एका रात्रीत शेंडा गेलेला असतो.

## टप्पा ५: पहिला काप आणि पहिली दोन वर्षं

इथे मन घट्ट करावं लागतं. लावलेली काठी अडीच फुटांवर कापायची, डोळे फुगू लागल्यावर, पुढचे दोन-तीन दिवस कोरडे असताना. न कापता सोडली तर पहिली फांदी पाच फुटांवर फुटते आणि बुटक्या झाडाचा बेत तिथेच संपतो.

मे-जूनमध्ये कापाच्या खाली चार-सहा फुटवे येतात. त्यातले वेगवेगळ्या दिशांचे चार ठेवा. चेरीचे फुटवे खोडाला चिकटून सरळ वर धावतात, आणि असा अरुंद खाचेचा सांधा पुढे फळांच्या भाराने उभा फाटतो. म्हणून फुटवा बोटभर झाला की कपडे वाळत घालायचा चिमटा खोडाला लावायचा आणि त्याच्या शेपटाने फुटवा बाहेर ढकलायचा. पाच-सहा आठवड्यांत लाकूड त्या कोनात टणक होतं, मग चिमटा काढून टाका. पन्नास-साठ अंशांचा कोन पुरे. फांदी पार आडवी केली की वाढ थांबते.

पाणी: जुलै ते सप्टेंबर इथे पाऊस जवळपास नसतो. आठवड्यातून एकदा वीस ते चाळीस लिटर, सावकाश. रोज थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात. चिपा बाजूला सारून खुरप्याने चार इंच खाली बघा. ओल असेल तर थांबा.

खत: पहिल्या वर्षी नाही. दुसऱ्या वर्षापासून फांद्यांची वाढ मोजा. कोवळ्या झाडाच्या फांद्या वर्षाला दीड ते तीन फूट वाढल्या, तर खताची गरज नाही. कमी असेल तरच मार्च-एप्रिलमध्ये थोडं नत्र. जुलैनंतर नत्र दिलं तर कोवळी वाढ थंडीत सापडते, आणि खोडाच्या रोगाला तीच आधी बळी पडते.

दुसऱ्या वर्षी आलेली चार-दोन फळं काढून टाकावीत, असं पुस्तकी उत्तर आहे. मी म्हणतो, दोन ठेवा आणि चाखा. निदान लेबलप्रमाणे जात मिळाली का, ते कळेल.

## टप्पा ६: फुलोरा

इथे चेरी साधारण एप्रिलमध्ये फुलते, आणि त्याच दिवसांत पाऊस असतो. पावसात आणि १३ अंशांच्या खाली मधमाशी फारशी बाहेर पडत नाही. स्वपरागी जातीलाही पराग हलवायला कीटक लागतोच, हे बरेच जण विसरतात. यावर चांगला उपाय म्हणजे इथलीच मेसन माशी, मधमाशीची एकटी राहणारी चुलत बहीण. तिचे कोष फुलोऱ्याच्या सुरुवातीला, पूर्वेकडे तोंड करून, छपराखाली कोरड्या जागी ठेवा. जवळ उघडा चिखल हवा, कारण ती घराची दारं चिखलाने लिंपते.

फुलं उमलली असताना कीटकनाशक मारायचं नाही, "सेंद्रिय" लिहिलेलंही नाही.

पूर्ण फुललेल्या झाडाला उणे २ अंशांपर्यंत थोडीच इजा होते, उणे ४ ला बहुतेक फुलं जातात. तसा इशारा आला, तर झाड बुटकं असल्याने जुन्या चादरी टाकता येतात. सकाळी लगेच काढा.

मे महिन्यात वाटाण्याएवढी फळं पिवळी पडून गळतात आणि लोक घाबरून खत घालतात. ही नैसर्गिक गळ आहे. ज्यांत बी नीट धरली नाही, ती फळं झाड टाकून देतं. काही करू नका.

## टप्पा ७: जाळी. वर्षातलं सर्वांत वेळ साधण्याचं काम

दोन माश्या ओळखा. वेस्टर्न चेरी फ्रूट फ्लाय घरमाशीपेक्षा लहान, पंखांवर काळे पट्टे. तिचे कोष हिवाळाभर झाडाखालच्या मातीत असतात आणि मेच्या अखेरीपासून माश्या वर येतात. स्पॉटेड विंग ड्रोसोफिला केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटासारखी, पण हिच्या मादीला अंडी घालायची करवतीसारखी दातेरी नळी असते. त्यामुळे ती कुजलेलं फळ सोडून झाडावरच्या पिकत्या फळातच अंडी घालते. फळ हिरव्याचं पिवळसर होऊ लागलं, की दोघींना दार उघडतं.

म्हणून जाळी त्याआधी लागली पाहिजे. फळ लाल दिसल्यावर टाकलेली जाळी फक्त पक्षी अडवते.

१. पक्ष्यांची मोठ्या भोकांची जाळी घेऊ नका. एक मिलिमीटरहून बारीक भोकांची कीटकजाळी घ्या, पक्षी, चिलटं आणि माश्या तिघांनाही तीच पुरते. मोठ्या भोकांत पक्षी आणि साप अडकून मरतात, ते वेगळंच.

२. नैसर्गिक गळ संपत आली, की जाळी घालण्याआधी पानांच्या खाली काळा मावा आहे का ते बघा. जाळीच्या आत लेडीबर्ड (मावा खाणारे ठिपकेदार किडे) पोचत नाहीत आणि मावा बेफाम वाढतो. असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा.

३. झाड पूर्ण झाकून जाळीचं तोंड खोडाला, पहिल्या फांदीच्या खाली आवळून बांधा. तंबूसारखी जमिनीपर्यंत सोडली, तर मातीतल्या कोषांतून निघालेल्या माश्या जाळीच्या आतच वर येतात आणि तुम्ही त्यांना बागेत कोंडून जेवायला वाढता.

४. शिवण आणि गाठी तपासा. बोट जाईल एवढी फट म्हणजे उघडं दार.

जाळी शक्य नसेल, तर मेच्या शेवटी पिवळे चिकट सापळे टांगून माशी दिसते का बघा. दिसल्यावर स्पिनोसॅड या कीटकनाशकाचा फवारा, लेबलवरचं प्रमाण आणि तोडणीआधी सोडायचे दिवस काटेकोर पाळून, संध्याकाळी मधमाश्या परतल्यावर. सापळ्याने माशी संपत नाही, फक्त आली हे कळतं. मोठ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत घरच्या पंपाने फवारा पोचत नाही, तेव्हा या हंगामात खालच्या फांद्यांपुरतंच पीक धरा आणि ऑगस्टमध्ये नवव्या टप्प्याला लागा.

> सावध: वॉशिंग्टन राज्यात फळझाडावरची कीड आटोक्यात ठेवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पूर्वेकडच्या बागांचा धंदा त्यावर अवलंबून आहे. महामार्गावर घरची फळं पलीकडे नेऊ नका अशा पाट्या दिसतात, त्या खऱ्या आहेत. वेनाचीच्या मित्राकडे परसातल्या फळांची पिशवी नेऊ नका.

## टप्पा ८: पाऊस, तडे आणि तोडणी

पिकायच्या आधीच्या तीन आठवड्यांत फळावर पाऊस पडून राहिला, तर साल पाणी शोषते आणि देठापाशी किंवा तळाशी चीर जाते. चिरेत बुरशी शिरते, आणि एका कुजक्या फळाने अख्खा घोस जातो. पीव्हीसी पाइपच्या कमानीवर पारदर्शक प्लॅस्टिक, फक्त वरून. बाजू उघड्या ठेवा, नाहीतर आत दमट होऊन बुरशीच वाढते. छत नसेल, तर पाऊस थांबताच फांद्या हलक्या हलवून पाणी झटका. जमिनीतली ओलही एकसारखी हवी. पंधरा दिवस कोरडं ठेवून एकदम पाणी सोडलं तरी फळ तडकतं.

तोडणी रंगावरून ठरवू नका, चाखून ठरवा. चेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबट तोडली तर आंबटच राहणार, आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही. लालबुंद झाल्यावरही गडद जातींना आठवडाभर आणखी द्यायचा.

देठासकट तोडा. देठ बुडाशी धरायचा आणि वरच्या दिशेने हलका पीळ द्यायचा. जोरात ओढलं तर देठाबरोबर स्पर निघून येतो, म्हणजे ती आखूड, गाठाळ, कळ्यांचा झुबका असलेली फांदी. तीच पुढची अनेक वर्षं फळ देणार असते. मुलांना तोडायला लावताना हे आधी हातात धरून दाखवा. बी चावू नका, हेही सांगा. आतल्या गरातून सायनाइड तयार होतं. चुकून गिळलेली अख्खी बी तशीच बाहेर पडते.

न धुता फ्रिजमध्ये ठेवा, खाताना धुवा. अळीची शंका असेल, तर लिटरभर पाण्यात पाव वाटी मीठ विरघळवून मूठभर फळं पंधरा-वीस मिनिटं बुडवा. अळ्या असतील तर बाहेर येतात.

शेवटचं फळ काढल्यावर झाडावर आणि खाली एकही उरू देऊ नका. किडकी फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात, मग कचऱ्यात. कंपोस्टच्या ढिगात नाही.

## टप्पा ९: छाटणी ऑगस्टमध्येच

सफरचंद-नाशपातीची छाटणी हिवाळ्यात होते, म्हणून चेरीचीही त्याच वेळी उरकतात. चेरीची ताजी जखम ओल्या थंडीत उघडी राहिली, की जिवाणूजन्य कँकर, म्हणजे साल कुजवणारा रोग, आत शिरतो. तोडणीनंतर, ऑगस्टमध्ये, पुढचे चार-पाच दिवस कोरडे असताना कापा.

- आधी वाळलेल्या, डिंक वाहणाऱ्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या.
- मग उंची: आठ-नऊ फुटांच्या वर गेलेला प्रत्येक शेंडा बाहेरच्या बाजूच्या फांदीपर्यंत मागे घ्या.
- मध्यभाग उघडा करा. वरून ऊन खोडापर्यंत पोचलं पाहिजे.
- दर वर्षी एक-दोन जुन्या जाड फांद्या सहा-आठ इंचांचा खुंटारा ठेवून कापा, त्यातून नवी फांदी येते. गिसेला ५ वर हे टाळलं तर झाड फळांनी लगडतं आणि फळ बारीक पडतं.

आधीच मोठं झालेलं झाड एका वर्षात खाली आणू नका. तीन उन्हाळ्यांत, दर वर्षी वरच्या जाड फांद्यांतला तिसरा हिस्सा. एकदम कापलं तर उभ्या फुटव्यांचं रान माजतं आणि उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

कात्री झाडागणिक स्पिरिटने पुसा. रोगट फांदी कापली, तर प्रत्येक कापानंतर. जखमेला रंग, डांबर, शेण-माती काही लावू नका. कोरड्या हवेत ती आपली भरते.

## डिंक दिसला तर

प्रत्येक डिंक रोगाचा नसतो. स्वच्छ, मधासारखा डिंक आणि खाली साल टणक असेल, तर ती साधी जखम. नख लावून बघा: साल खोलगट, खाली तपकिरी आणि आंबूस वास असेल तर कँकर समजा. फांदीवर असेल, तर कोरड्या दिवसांत डागाच्या फूटभर खालून कापून टाका. तांबंयुक्त फवारा पानगळीच्या वेळी मारतात, पण त्यावर विसंबू नका. या भागातल्या पुष्कळ जिवाणूंवर तांब्याचा परिणाम होत नाही.

डाग खोडाला वेढून अर्ध्याहून जास्त घेरात गेला असेल, तर झाड काढा. दुसरं लावायचं झालं, तर त्याच खड्ड्यात चेरी, प्लम किंवा पीच नको. जुन्या मुळांच्या मातीत नवं रोप खुरटतं. दहा-बारा फूट सरकून पुन्हा पाण्याच्या चाचणीपासून सुरुवात करा.